ट्रेलच्या धाटणीचे स्नीकर्स रोज शहरात घालायचे असतील तर: तळ, माप, पाऊस, डागडुजी

कातळवाट (धागाकर्ता)

डोंगरात पळण्यासाठी बनवलेले बूट जीन्सवर घालायची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. 'गॉर्पकोर' हे नाव २०१७ मध्ये चिकटलं, पण गाडी त्याआधीच सुटली होती. सॉलोमन कंपनीचा एक्सटी-६ हा मुळात २०१३ चा, लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतींसाठी काढलेला बूट. पॅरिसच्या 'द ब्रोकन आर्म' या दुकानाशी हातमिळवणी केल्यावर सॉलोमन फॅशनवाल्यांच्या डोळ्यांत भरली आणि तोच एक्सटी-६ कॅफेत दिसायला लागला. नाइकीची डोंगर-भटकंतीच्या कपड्या-बुटांची एसीजी शाखा तर १९८९ ची.

दुकानात सगळे एकाच फळीवर मांडलेले असले तरी त्यांच्या तीन जाती आहेत. एक, खरोखर चिखलात पळायचे: सॉलोमन स्पीडक्रॉस, होका स्पीडगोट वगैरे. दोन, एके काळी शर्यतीचे होते, आता लाइफस्टाइल म्हणून विकले जातात ते. तीन, नुसते दिसायला ट्रेल, आतून साधा जॉगिंगचा बूट. तिसऱ्या जातीला इथे बरेच जण नाक मुरडतील. ऑफिस, लोकल, मंडई एवढंच करायचं असेल तर पुष्कळदा तीच जात कामाची असते.

कारण तळाचे दाते. (दुकानदार 'लग' म्हणतात.) दाता चिखलात रुततो, म्हणून धरतो. फरशीत किंवा डांबरात रुतायला काहीच नसतं. तिथे फक्त दात्यांची टोकं टेकतात, म्हणजे जमिनीला लागणारं रबर उलट कमी होतं. वर उंच, मऊ दाता प्रत्येक पावलाला वाकतो आणि कडेने झिजतो. टाचेची बाहेरची कड पहिल्यांदा जाते. निव्वळ शहरासाठी २ ते ३.५ मिमी दाते पुरे. आठवड्याला एखादी टेकडी असेल तर ४ मिमी. ५ मिमी आणि पुढचे दाते सह्याद्रीतल्या पावसाळी चिखलासाठी. ते डांबरावर रोज घासणं म्हणजे पैसे घासणं.

प्रतिसादात कृपया नुसती मॉडेलची नावं टाकू नका, कारण पण लिहा.

पेव्हरब्लॉक

दात्यांच्या उंचीपेक्षा रबराची जात जास्त महत्त्वाची, हे मूळ लेखात ठळक यायला हवं होतं.

ओल्या गुळगुळीत फरशीवर पाण्याचा पातळ थर बुटाखाली अडकतो. तो बाहेर पडायला बारीक चिरा लागतात आणि फरशीच्या सूक्ष्म खडबडीत बसायला मऊ रबर लागतं. व्हिब्रम कंपनीचं मेगाग्रिप रबर याच कामासाठी नावाजलेलं आहे. टाचेखाली बऱ्याच कंपन्या कडक, काळं, टिकाऊ रबर देतात. ते झिजत नाही आणि ओल्या ग्रॅनाइटवर धरतही नाही. या दोन गुणांचं फारसं जमत नाही, म्हणून 'खूप टिकतो आणि ओल्यातही चिकटतो' असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडे हसून बघावं.

दुकानात करायची चाचणी: दात्यावर अंगठ्याचं नख दाबा. खळ पडून हळूहळू भरून आली तर रबर मऊ. नख सरळ घसरलं तर कडक. मग एकाच पायात बूट घालून, पूर्ण वजन न टाकता, टाच फरशीवर पुढे ढकलून बघा. पुसून नुकती ओलसर असलेली जागा मिळाली तर उत्तम.

आणखी एक. नवीन तळावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश राहतो, त्यामुळे पहिल्या दिवशी कुठलाही बूट जास्त सरकतो. भांड्यांचा साबण आणि ताठ ब्रशने तळ घासा, किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरने दात्यांची टोकं हलकी खरवडा. एक-दोन दिवस खडबडीत रस्त्यावर चाललं की तेही आपोआप होतं.

शेवाळ धरलेल्या पायऱ्यांचं विचारू नका. तिथे कुठलंच रबर दगडापर्यंत पोचत नाही. पाऊल सपाट टाकायचं आणि कठडा धरायचा.

नवा_जोड

पाच हजारांपर्यंत बजेट आहे. ठाणे ते बीकेसी, जून ते सप्टेंबर. वॉटरप्रूफ घ्यावा का? गोर-टेक्सवाला सेलमध्ये दिसतोय.

घसारा

@नवा_जोड, नको.

गोर-टेक्सचा पडदा बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली वाफ बाहेर सोडतो, हे खरं. पण वाफ बाहेर जायला आत-बाहेर दमटपणाचा फरक लागतो. जुलैत ठाण्यात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. फरक जवळपास उरत नाही आणि मोजे घामाने ओले होतात.

दुसरं, घोट्याखालच्या बुटात पाणी कापडातून कमी आणि वरच्या तोंडातून जास्त येतं. मोज्यावरून ओघळतं, पँटीच्या शिवणीवरून टपकतं. रस्त्यावर घोटाभर पाणी साचलं की विषय संपला. मग तोच पडदा पाणी आत धरून ठेवतो. साधा जाळीचा बूट पंख्याखाली रात्रीत बऱ्यापैकी सुकतो. पडद्याच्या बुटाला दीड दिवस सहज लागतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी ओलाच घालणार, आणि तिसऱ्या दिवशी लोकलमध्ये शेजारचा माणूस सरकून बसणार.

तुमच्यासाठी: उघडी जाळी, आत जाड स्पंज कमी, सुटा निघणारा इनसोल, पॉलिस्टरचे किंवा लोकरमिश्र मोजे. सुती मोजे पाणी धरतात आणि टाचेला फोड आणतात. ऑफिसमध्ये मोज्यांचा एक कोरडा जोड ठेवा. वॉटरप्रूफसाठी वाचलेल्या पैशात चार जोड येतील.

सुकवायचं कसं हेही सांगतो, कारण निम्मे बूट इथेच मरतात. इनसोल काढा, नाड्या सैल करा, जीभ पुढे ओढा. आत वर्तमानपत्राचे सैल बोळे भरा, तासाभराने बदला, परत दोनदा बदला. मग पंख्यासमोर, टाच वर करून टेकवा. हेअर ड्रायर, इस्त्री, गाडीच्या डिकीतलं ऊन, गॅसशेजारची जागा, काही नको. ईव्हीए फोम उष्णतेने आकसतो आणि तळाचा गोंद मऊ पडतो. पुढच्या आठवड्यात चवड्याजवळ फट दिसते.

इसारकाठ

म्युनिकमधून. घसारा यांचं म्हणणं कोकण-मुंबईसाठी शंभर टक्के मान्य. इकडे नोव्हेंबर ते मार्च उलटं आहे. बाहेर ३-४ अंश, वितळता बर्फ, कोरडी गरम ऑफिसं. इथे पडदा काम करतो आणि ओल्या जाळीत बोटं बधिर होतात. म्हणून युरोप-कॅनडातल्या लोकांचे रिव्ह्यू वाचून तिकडे गोर-टेक्स घेऊ नका आणि तिकडचे ऐकून इकडे जाळी घेऊ नका. फक्त गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर ट्रेलचे दातेही चालत नाहीत, त्याला खिळ्यांची साखळी वेगळी मिळते.

अर्धा_नंबर

मापाबद्दल कोणी बोललं नाही, आणि परत केलेल्या पार्सलांत निम्मी भानगड मापाची असते.

भारतात यूके नंबर लिहिलेला असतो. तो सगळीकडे सारखा नसतो. पुरुषांच्या तक्त्यात आदिदास आणि सॉलोमनचा यूके ८ म्हणजे २६.५ सेंमी, नाइकीचा यूके ८ म्हणजे २७ सेंमी. नंबर विसरा, जिभेच्या आतल्या लेबलवरचे सेंटिमीटर बघा.

पाय मोजायची वेळ संध्याकाळची, पाय थोडे फुगलेले असताना. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा, पूर्ण वजन त्याच पायावर. भिंतीपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब असेल तर तेच धरा. दोन्ही पाय मोजा, मोठा आकडा घ्या. नेहमीचा मोजा घालून उभं राहिल्यावर बोटापुढे साधारण १ सेंमी जागा हवी.

रुंदी हा आपल्याकडचा खरा प्रश्न. चवड्याची रुंद बाजू हवी असलेली माणसं लांबीने नंबर वाढवतात. मग टाच आत खालीवर होते आणि फोड येतो. त्याऐवजी रुंद साचा शोधा: न्यू बॅलन्स आणि एसिक्सच्या काही मॉडेलना २ई, ४ई अशी रुंदी मिळते. सॉलोमनचे जुने शर्यती साचे चवड्याला अरुंद आहेत. एक्सटी-६ करंगळीला दाबतो म्हणून अर्धा नंबर वर घेणारे पुष्कळ.

घरचा उपाय: इनसोल काढून जमिनीवर ठेवा, वर अनवाणी उभं राहा. पायाचं मांस इनसोलच्या कडेबाहेर ओघळत असेल तर तो साचा तुमचा नाही. 'वापरून सैल होईल' हे चामड्याला लागू. टीपीयूच्या (लवचिक प्लॅस्टिकच्या) पट्ट्या चिकटवलेली जाळी तेवढी सैल पडत नाही.

बायकांसाठी: महिलांच्या मॉडेलची टाच अरुंद असते, ते चांगलं; पण रुंद चवडा असेल तर पुरुषांचा लहान नंबर बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये यूके ६ पासून पुढे मिळतात.

गिअरवाला

दुचाकीवाल्यांनी दोन गोष्टी बघा. गिअर दांडा डाव्या चवड्याला वरून घासतो, जाळी असेल तर अंगठ्यापाशी काही महिन्यांत काळी पडून फाटते. पुढच्या टोकावर रबराची किंवा टीपीयूची टोपी दांडा लागतो तिथपर्यंत वर आलेली हवी. नसेल तर दांड्यावर रबरी कव्हर चढवा, स्वस्तात मिळतं.

दुसरं, होकासारखा पसरट, जाड तळ. टाचेखाली ३५-४० मिमी फोम असला की मागच्या ब्रेकचा दाब पायाला कळत नाही, आणि तळाची रुंद कड दांड्याखाली सरकत नाही. कारमध्येही क्लच आणि ब्रेक जवळजवळ असलेल्या छोट्या गाडीत जपून. चालायला तो बूट झकास, वाद नाही. फक्त पेव्हर ब्लॉकच्या तुटक्या कडेवर उंच मऊ तळ पटकन कलंडतो.

सोलकढी

मधल्या थरावर, म्हणजे पाय आणि तळाचं रबर यांच्यामधल्या फोमवर लिहितो, कारण तोच दिसत नाही आणि तोच आधी मरतो.

बहुतेक ट्रेल स्नीकर्समध्ये ईव्हीए असतो. हलका, दमटपणाला घाबरत नाही, पण दबत जातो. धावण्याच्या बुटाला ५०० ते ८०० किमी हा नेहमीचा अंदाज. रोज सहा हजार पावलं म्हणजे साधारण ४ किमी. २०० दिवसांत ८०० किमी. चालताना दाब कमी म्हणून जोड त्याहून जास्त चालतो, पण 'दोन वर्षं झाली, तळ अजून शाबूत आहे' याला अर्थ नाही. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली असेल आणि मधल्या थरावर अंगठा न दाबताही आडव्या सुरकुत्या दिसत असतील तर फोम बसला. दोन जोड आलटून-पालटून वापरले तर फोमला उसळायला आणि घाम वाळायला वेळ मिळतो.

दुसरा प्रकार पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. जड ट्रेकिंग बुटांत आणि काही जुन्या धाटणीच्या स्नीकर्सच्या टाचेत असतो. दबत नाही, पण पॉलिस्टर जातीच्या पीयूला हवेतलं पाणीच खातं. हायड्रोलिसिस. बाहेरून काही कळत नाही, एक दिवस तळाचा भुगा होतो किंवा अख्खा तुकडा रस्त्यावर राहतो. गंमत म्हणजे न वापरता खोक्यात जपून ठेवलेला जोडही यातून सुटत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत, लॉफ्टवर, मुंबईच्या हवेत ठेवलेला तर आधीच जातो. सिलिका जेलच्या पुड्या सहा महिन्यांनी ओल्या होऊन निरुपयोगी होतात.

म्हणून जुना स्टॉक सेलमध्ये घेताना खोक्याच्या लेबलवर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष बघा. ईव्हीए असेल तर दोन वर्षांपूर्वीचा चालेल. पीयू असेल आणि चार-पाच वर्षं झाली असतील तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

तळ सुटला तर: आधी कुठे सुटलाय ते बघा. रबर फोमपासून सुटलं असेल तर चिकटतं. फोमच फाटला असेल तर नाही. जुना गोंद टोकदार वस्तूने खरवडून काढा, दोन्ही बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खडबडीत करा, धूळ कापडाने पुसा. थिनर अगदी थोडा, कापडावर घेऊन. फोमवर ओतला की फोम सुजतो. मग सिंथेटिक रबरचा गोंद, फेविबॉन्डच्या जातीचा, दोन्ही बाजूंना पातळ. लगेच जोडू नका. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकटेनासा झाला की एकदाच नेम धरून दाबा, कारण नंतर सरकवता येत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबने घट्ट गुंडाळून २४ तास ठेवा.

नुसत्या ईव्हीएवर हा गोंद नीट धरत नाही. त्याला प्रायमर आणि पीयू गोंद लागतो, तो बुटांच्या कच्च्या मालाच्या दुकानात मिळतो, आणि जाणकार मोच्याकडे असतो. मोच्याला आधीच विचारा की गोंद कुठला. चारी बाजूंनी आरीने शिलाई मारून घेणं हा मात्र अशा बुटावर मोठा गुन्हा: दोरा मऊ फोम कापत जातो, खालचा टाका रस्त्यावर घासून तुटतो आणि प्रत्येक भोकातून पाणी वर येतं. सपाट, बाजूने वर आलेल्या रबरी तळाच्या स्नीकर्सना शिलाई ठीक.

नवा_जोड

जाळीचाच घेतो. सॉलोमनच्या त्या ओढायच्या दोरीचं काय? तुटली तर?

नाडीपरीक्षा

क्विकलेस. केवलारची बारीक दोरी आणि एक सरकता लॉक. ओढलं की घट्ट, उरलेली दोरी जिभेवरच्या खिशात. आपल्याकडे दिवसातून दहा वेळा बूट काढावे लागतात, देऊळ, घर, काही दवाखाने, त्याला फार सोयीची.

तुटते ती बहुधा खालच्या कड्यांपाशी, वाळू अडकून घासल्यामुळे. बदलायचा संच मिळतो. जुनी दोरी लॉकपाशी कापा, पण ओढून काढण्याआधी ती कुठून कशी गेली आहे याचा फोटो घ्या. नवी खालच्या कड्यांतून तशीच वर आणा, दोन्ही टोकं लॉकमधून आणि मग शेवटच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यातून घ्या. बूट पायात घालून, पूर्ण सैल करूनही पाऊल आत जाईल एवढी लांबी ठेवा, मगच गाठ मारून उरलेलं कापा आणि गाठ त्या तुकड्यात बंद करा. लायटरने टोक वितळवायला जाऊ नका. केवलार वितळत नाही, काळं पडतं.

तोटाही आहे. दोरी सगळीकडे सारखीच आवळते. पायाचा उंचवटा जास्त असेल तर वर दाब येतो. साध्या नाड्यांत त्या जागी एक फुली गाळून दोन कड्या सरळ वर घेता येतात. आणि टाच उचलत असेल तर सर्वांत वरच्या जादा भोकाचा उपयोग करा: नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फासा तयार करायचा, समोरची नाडी त्या फाशातून काढायची, खाली ओढायची, मग गाठ. ते भोक शोभेचं नाही.

दापोलीकर

तांबड्या मातीवाल्यांसाठी. जांभ्याचा चिखल ओला असताना पुसू नका, तो जाळीत आणखी आत जातो. पूर्ण वाळू द्या, बूट एकमेकांवर आपटा, कोरड्या ब्रशने झाडा. मग कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, जुना टूथब्रश. तरी राहिलेला तांबूस डाग हा लोहाचा असतो, ब्लीचने जात नाही, उलट पांढरी जाळी पिवळी पडते. कपभर पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व विरघळवून डागावर लावा, दहा मिनिटांनी धुवा. आधी आतल्या बाजूला करून बघा.

वॉशिंग मशीन नको. स्वेड असेल तर पावसाळ्यात कपाटात बुरशी धरणारच. अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर घेऊन कापडाने पुसा, सावलीत वाळवा, ब्रशने केस उभे करा. खरं म्हणजे कोकणात स्वेड घेऊच नये. पांढरा तळही नको. पण ऐकतो कोण.

कातळवाट

@नवा_जोड, आता नावं. पाच हजारांत एसिक्सचे जेल-व्हेंचर किंवा जेल-सोनोमा सेलमध्ये बसतात. दाते बेताचे, साचा बऱ्यापैकी, शहराला योग्य. आदिदास टेरेक्स बघत असाल तर नाव वाचून थांबू नका: काही मॉडेलच्या तळावर टायरवाल्या कॉन्टिनेन्टलचं रबर असतं आणि तसं तळावर लिहिलेलं असतं, स्वस्त मॉडेलवर नुसतं ट्रॅक्सियन लिहिलेलं असतं. ओल्या फरशीसाठी पहिलं घ्या. डेकॅथलॉनमध्ये केचुआचे साधे चालण्याचे बूट बजेटच्या बरेच आत येतात, फोम कमी असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के आणि त्याहून महाग जोडीवर १८ टक्के आहे. त्यामुळे २,७००-२,८०० चा जोड सेलमध्ये २,५०० च्या खाली आला तर कराचाही फरक पडतो, बिल बघून घ्या.

सह्याद्रीवाले आता विचारतीलच म्हणून: ॲक्शन ट्रेकिंग अजूनही कातळावर नावाजलेला आणि स्वस्त आहे, पण तळ पातळ आहे. दिवसभर स्टेशनच्या फरशीवर उभं राहायला तो नव्हे.

पेव्हरब्लॉक

फर्स्ट कॉपीबद्दल एक भर. एक्सटी-६ च्या नकला बाजारात खूप आहेत. खोक्यावरचा आर्टिकल नंबर आणि जिभेच्या लेबलवरचा नंबर जुळतो का बघा. दोरी आवळून लॉक न दाबता जोरात मागे ओढा. नकलेत तो सरकतो. तळाचं रबर नखाला दगडासारखं लागतं. दिसायला हुबेहूब असतो, ओल्या फरशीवर मात्र पहिल्या पावलाला कळतं.

नवा_जोड

टेरेक्स, कॉन्टिनेन्टलवाला, जाळीचा, २७ सेंमी. ऑर्डर करतोय. पहिल्या आठवड्यात काय बघायचं?

अर्धा_नंबर

टॅग न काढता घरात, स्वच्छ फरशीवर, संध्याकाळी अर्धा तास घाला. जिना उतरून बघा: अंगठा पुढे आपटला तर लहान आहे. जिना चढताना टाच उचलली तर आधी वरच्या भोकाची नाडी लावून बघा, मगच परत करा. करंगळीपाशी मोज्यावर लाल रेघ दिसली तर दुसरा विचार न करता परत.